लिनक्सवर एक 'ए' विसरला आणि लॅपटॉपने मालकालाच बाहेर काढलं, हे नेमकं होतं कसं?

रात्रीचे साडेअकरा. सकाळी मिनी प्रोजेक्टचं सबमिशन. लॅपटॉपवर उबंटू, टेबलावर अर्डुइनोचा बोर्ड आणि स्क्रीनवर 'परमिशन डिनाइड'. केबल बदलून झाली, यूएसबी पोर्ट बदलून झाला. बोर्डावरचा लाइट लुकलुकतोय, म्हणजे बोर्ड जिवंत आहे. मग शोधाशोध होते, कुठेतरी एका ओळीची कमांड सापडते, ती जशीच्या तशी पेस्ट होते. खाली 'एकदा लॉगआउट करा' असं लिहिलेलं असतं, म्हणून लॅपटॉप रीस्टार्ट केला जातो.

बोर्ड चालतो. कोड चढतो. पोरगं खूश!

पुढे एक लायब्ररी इन्स्टॉल करायची असते. सुडो टाइप होतं, पासवर्ड टाकला जातो आणि उत्तर येतं की हा यूजर सुडोअर्सच्या यादीत नाही आणि या घटनेची तक्रार केली जाईल.

तक्रार कुणाकडे? लॅपटॉप स्वतःचा, पैसे बाबांचे, पासवर्डही बरोबर. तरीही मशीन म्हणतंय की तुम्हाला इथे काही इन्स्टॉल करायचा अधिकार नाही.

प्रसंग काल्पनिक आहे, पण ज्याने कॉलेजमध्ये किंवा पहिल्या नोकरीत लिनक्स वापरलंय त्याला यातला एखादा तरी टप्पा ओळखीचा वाटेल. कारण जवळपास नेहमी एकच असतं. त्या एका ओळीत 'ए' हे अक्षर राहून गेलेलं असतं.

तुमच्या फोनमध्ये किती जण राहतात?

ज्यांनी लिनक्स कधी उघडलंच नाही, त्यांचाही या विषयाशी रोजचा संबंध आहे. अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे आणि तिथे प्रत्येक अॅपला वेगळा 'यूजर' मानलं जातं. फोनवर अॅप आलं की त्याला एक क्रमांक मिळतो, साधारण १०००० पासून पुढचा. व्हॉट्सअॅप एक यूजर, इन्स्टाग्राम दुसरा, बँकेचं अॅप तिसरा. इन्स्टाग्रामला बँकेच्या अॅपच्या फायली वाचता येत नाहीत, कारण फोनच्या लेखी ती शेजाऱ्याच्या घरातली तिजोरी आहे.

ही व्यवस्था आली ती पन्नासेक वर्षांपूर्वीच्या युनिक्समधून. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ज्यावर काम सुरू केलं, ती ही सिस्टिम. तेव्हा एका मशीनवर अनेक माणसं एकाच वेळी काम करायची. कुणाची फाइल कुणी बघायची, प्रिंटर कुणी वापरायचा, मशीन बंद कुणी करायचं, हे सगळं ठरवावं लागे. त्यातून प्रत्येकाला एक क्रमांक, क्रमांकांचे गट, आणि प्रत्येक फाइलवर तीन पातळ्यांची परवानगी अशी रचना आली. मालकाला काय चालेल, गटाला काय चालेल आणि बाकी जगाला काय चालेल, एवढाच हिशोब. शून्य क्रमांकाचा यूजर म्हणजे रूट. त्याला या परवानग्या अडवत नाहीत.

आजही उबंटूवर हे सगळं साध्या मजकुराच्या फायलींमध्येच लिहिलेलं असतं. 'ईटीसी' नावाच्या फोल्डरमध्ये 'पासवर्ड'चं आखूड रूप असलेली 'पासडब्ल्यूडी' फाइल असते, तिच्यात यूजरचं नाव, क्रमांक, घर म्हणजे होम फोल्डर आणि शेल. शेजारी 'ग्रुप' फाइल, तिच्यात कोणत्या गटात कोण. गंमत म्हणजे 'पासडब्ल्यूडी'मध्ये आता पासवर्ड नसतोच. पूर्वी त्याचं सांकेतिक रूप तिथेच असायचं आणि ती फाइल कुणालाही वाचता यायची. अशाच एका जुन्या फाइलमधला खुद्द केन थॉम्पसनचा पासवर्ड २०१९ मध्ये लोकांनी फोडला. तो निघाला बुद्धिबळातल्या पहिल्या चालीचा! आता सांकेतिक पासवर्ड 'शॅडो' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये राहतात आणि ती सामान्य यूजरला उघडत नाही.

एका 'ए'ची किंमत

आता परत त्या रात्रीकडे. अर्डुइनोचा बोर्ड लॅपटॉपला जोडला की लिनक्स त्याच्यासाठी एक फाइल तयार करतं. तिचा मालक रूट आणि गट 'डायलआउट'. हे नाव टेलिफोनच्या मॉडेमच्या काळातलं आहे, फोन लावायची मुभा कुणाला, एवढ्यापुरतं. मॉडेम गेले, नाव राहिलं. तुम्ही त्या गटात नसाल तर बोर्डाशी बोलता येत नाही. म्हणून स्वतःला डायलआउटमध्ये घालायचं, हे निदान अगदी बरोबर असतं.

चूक होते ती औषधात. त्यासाठीची कमांड आहे यूजरमॉड, आणि गट सांगण्यासाठी तिला कॅपिटल 'जी' हा पर्याय द्यावा लागतो. (टर्मिनलवर हे सगळं अर्थात रोमन अक्षरांत टाइप करायचं.) लोकांना वाटतं की कॅपिटल जी म्हणजे 'या गटात घाल'. तसं ते नाही. 'या यूजरच्या जादा गटांची यादी आता एवढीच', असा त्याचा अर्थ आहे.

रेशनकार्डात सुनेचं नाव चढवायला गेलात आणि क्लार्कने जुनं कार्ड फाडून फक्त सुनेच्या नावाचं नवं कार्ड हातात दिलं, तर कसं वाटेल? इथे नेमकं तेच होतं. यूजर आधी सुडो, एडीएम, प्लगडेव्ह अशा सात-आठ गटांत असतो. कमांड चालते आणि यादीत उरतो फक्त डायलआउट. सुडो गट गेला, म्हणजे अॅडमिनपण गेलं. त्याच्या आधी लहान लिपीतला 'ए' लावला असता, तर जुनी यादी तशीच ठेवून नवा गट जोडला गेला असता. हा 'ए' म्हणजे अपेंड, पुढे जोड.

बरं, कमांड काही बोलत पण नाही. धोक्याचा इशारा नाही, 'खात्री आहे का?' असा प्रश्न नाही, गेलेल्या गटांची यादी नाही. युनिक्सची जुनी सवय आहे, काम झालं तर गप्प बसायचं. बाकी बहुतेक ठिकाणी ती सवय चांगलीच आहे. इथे मात्र तिने कित्येकांच्या रात्री खाल्ल्या आहेत.

उबंटू आणि डेबियनवर याहून सुरक्षित रस्ता आहे. 'अॅडयूजर' या कमांडला आधी यूजरचं नाव आणि मग गटाचं नाव द्यायचं, बस. किंवा 'जीपासडब्ल्यूडी' कमांडला लहान 'ए' देऊन. या दोन्हींना फक्त जोडणंच माहीत आहे, त्यामुळे बाकीची यादी पुसली जायचा प्रश्नच येत नाही. नवशिक्यांना यूजरमॉड शिकवण्याआधी हे शिकवायला हवं.

चूक आत्ता, शिक्षा रीस्टार्टनंतर

यातली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे वेळ. यूजरमॉड चुकीचं चालवल्यावर त्याच टर्मिनलमध्ये सुडो बहुतेक वेळा नीट चालत राहतं. माणसाला वाटतं, सगळं ठीक आहे.

लिनक्स तुमचे गट लॉगिन करताना एकदाच वाचतं. त्यानंतर सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला तीच यादी वारशाने मिळते. लोकलचा महिन्याचा पास एकदा काढला की मधे भाडं बदललं तरी पास चालतो, तसंच काहीसं. ग्रुप फाइल बदलली, पण तुमच्या खिशातला पास जुनाच आहे. लॉगआउट केलं की तो संपतो.

'मी गटात घातलं तरी परमिशन डिनाइडच येतंय' ही उलट तक्रारही याच कारणाने येते. गट जोडलाय, पण सेशन जुनं आहे. अशा वेळी लोक तीच कमांड परत परत चालवतात, चौथ्या वेळी वैतागून 'ए' गाळतात, आणि मग खरंच वाट लागते.

निदानासाठी एक साधी युक्ती आहे. 'आयडी' ही कमांड नुसती चालवली, तर चालू सेशनचे गट दिसतात, म्हणजे खिशातला पास. तीच कमांड पुढे यूजरचं नाव लिहून चालवली, तर फाइलमध्ये आत्ता काय लिहिलंय ते दिसतं, म्हणजे रजिस्टर. दोन्ही उत्तरं जुळत नसतील तर लॉगआउट करून परत या. उबंटूच्या डेस्कटॉपवर कधी कधी लॉगआउटही पुरत नाही, कारण यूजरच्या नावाने मागे काही सेवा चालूच राहतात. तेव्हा सरळ रीस्टार्ट. फक्त रीस्टार्ट करण्याआधी 'आयडी'पुढे स्वतःचं नाव टाकून सुडो दिसतंय का, हे बघा. दहा सेकंदांचं काम आहे.

आणि तिथे सुडो दिसलं नाही तर? घाबरायचं नाही, पण ते टर्मिनल बंदही करायचं नाही. जुना पास अजून चालू आहे. त्याच टर्मिनलमधून सुडो लावून, या वेळी 'ए'सकट, स्वतःला सुडो गटात परत घाला. आधीचे बाकीचे गट कोणते होते हे कळण्यासाठी नुसतं 'आयडी' तिथेच चालवा, ते अजून जुनी यादी दाखवत असेल. आणखी एक ठिकाण आहे, ते फार कमी जणांना माहीत असतं. यूजरमॉड, यूजरअॅडसारख्या कमांड बदल करण्यापूर्वी फाइलची एक प्रत ठेवतात. 'ग्रुप' फाइलशेजारीच त्याच नावाची, पण शेवटी एक डॅश असलेली फाइल असते. त्यात एक पाऊल आधीची स्थिती मिळते. एकच पाऊल, हे लक्षात ठेवा. घाईत दुसरा बदल केलात तर त्या प्रतीवरही पाणी.

टर्मिनल बंद झालं, रीस्टार्टही झालं. आता?

ओएस पुन्हा टाकायची गरज नसते. 'फॉरमॅट मार' असा सल्ला देणारा मित्र प्रत्येक हॉस्टेलमध्ये असतो, त्याच्याकडे दुर्लक्ष करा.

स्वतःचा लॅपटॉप असेल तर चालू होताना शिफ्ट दाबून धरायचं, नव्या यूईएफआय मशीनवर एस्केप दाबायचं. एक मेन्यू येतो. त्यात अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, त्यात रिकव्हरी मोड, आणि पुढच्या यादीत रूट. इथे थेट रूटचा शेल मिळतो. एकच अडचण येते. या वेळी डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडलेली असू शकते आणि त्यामुळे यूजरमॉड फाइल बदलता येत नाही म्हणून हात वर करतं. तेव्हा माउंट कमांडने मूळ डिस्क लिहिण्यायोग्य म्हणून पुन्हा जोडून घ्यायची, मग यूजरमॉडने 'ए' आणि 'जी' दोन्ही लावून स्वतःला सुडो गटात घालायचं आणि रीस्टार्ट. पाच मिनिटं.

इथे एक शंका यायलाच हवी. पासवर्ड न विचारता असं रूट होता येत असेल, तर लॅपटॉप हाती लागलेला कुणीही होऊ शकतो की! बरोबर आहे. म्हणूनच लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट करायला सांगतात. ती केलेली असेल तर रिकव्हरीतही आधी तिचा पासवर्ड लागतो.

विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल वापरणाऱ्यांचं काम याहून सोपं. पॉवरशेलमध्ये डब्ल्यूएसएल कमांडला 'यू' पर्यायासोबत रूट असं सांगितलं की पासवर्डशिवाय रूट म्हणून आत जाता येतं.

खरी पंचाईत क्लाउडवरच्या सर्व्हरची. तिथे शिफ्ट दाबायला कीबोर्ड नाही. मग मशीन थांबवायचं, तिची डिस्क काढून दुसऱ्या चालू मशीनला जोडायची, ग्रुप फाइल हाताने दुरुस्त करायची आणि डिस्क परत जागेवर. तोवर त्या सर्व्हरवर चालणारी वेबसाइट बंद. कंपनीत पहिल्याच महिन्यात हे करावं लागलेला माणूस पुढे आयुष्यभर एक सवय पाळतो. सर्व्हरवर यूजर किंवा सुडोचं काही बदलताना एक जास्तीचं कनेक्शन उघडं ठेवायचं, बदल झाल्यावर नव्या खिडकीतून लॉगिन करून बघायचं, आणि ते जमलं तरच जुनं बंद करायचं.

सुडोअर्सची फाइल हाताने बदलतानाही तेच. तिच्यात स्वल्पविराम जरी चुकला तरी सुडो काम करायचं थांबवू शकतं. म्हणून ती साध्या एडिटरमध्ये न उघडता 'व्हीआयसुडो'ने उघडायची, ते सेव्ह करण्याआधी व्याकरण तपासतं.

जाता जाता, ती 'तक्रार' जाते कुठे? सुडो हा प्रोग्रॅम १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या बफेलोच्या विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी लिहिला. तेव्हा एक मशीन अख्खा विभाग वापरायचा आणि कुणी आगाऊपणा केला तर अॅडमिनला मेल जायचा. घरच्या लॅपटॉपवर अॅडमिन तुम्हीच. म्हणजे तुमची तक्रार तुमच्याकडेच, आणि लॉगमध्ये एक ओळ. एक्सकेसीडी या प्रसिद्ध वेबकॉमिकने यावर विनोद केलाय की ही तक्रार थेट सांताक्लॉजकडे जाते.

७७७ नावाचा शॉर्टकट

परमिशन डिनाइडवर इंटरनेटवर मिळणारा दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे सीएचमॉड ७७७. अर्थ सरळ आहे. मालक, गट आणि अख्खं जग, सगळ्यांना सगळं करू द्या. दार उघडत नाही म्हणून भिंत पाडण्यासारखं आहे हे, पण त्या क्षणी काम होतं, म्हणून लोक करतात.

अर्डुइनोच्या फाइलवर असलं काही केलं तर ते बोर्ड काढेपर्यंतच टिकतं, कारण पुन्हा जोडल्यावर फाइल नव्याने बनते. तो त्यातल्या त्यात निरुपद्रवी प्रकार. मूळ फोल्डरपासून खालपर्यंत सगळ्यांना ७७७ लावणाऱ्यांचं मात्र काही खरं नाही. सुडो चालण्यासाठी त्याच्या फाइलवर एक खास खूण लागते, सेटयूआयडी नावाची. ७७७ ने ती पुसली जाते आणि मग सुडो सांगतं की ही खूण नाही, मी चालणार नाही. एसएसएचसुद्धा खासगी किल्ली जगजाहीर झाली म्हणून ती वापरायला नकार देतं. हे मात्र रिकव्हरीतून पाच मिनिटांत सुटत नाही. हजारो फायलींच्या मूळ परवानग्या कोणाला आठवणार?

गट बरोबर, फाइलची परवानगी बरोबर, तरी आत जाता येत नाही, असंही होतं. बहुतेक वेळा अडथळा वरच्या एखाद्या फोल्डरमध्ये असतो. फ्लॅटची किल्ली आहे, पण सोसायटीच्या गेटची नाही. फोल्डरमधून पुढे जायला 'एक्स' म्हणजे एक्झिक्यूटची परवानगी वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर लागते. २०२१ मध्ये उबंटू २१.०४ पासून नव्या यूजरचं होम फोल्डर इतरांसाठी बंद करण्यात आलं, आणि होममध्ये वेबसाइटच्या फायली ठेवून सर्व्हर चालवणाऱ्यांना ही सोय नडते. सर्व्हर 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या वेगळ्याच यूजरच्या नावाने चालतो, त्याला गेटवरच अडवलं जातं. 'नेमआय' कमांडला लहान 'एल' देऊन पूर्ण पत्ता सांगितला, तर ती प्रत्येक पायरीचा मालक, गट आणि परवानगी ओळीने दाखवते. कुठे अडलंय ते नजरेनेच कळतं.

खातं उघडतानाच्या भानगडी

लिनक्समध्ये 'यूजरअॅड' आणि 'अॅडयूजर' अशा दोन वेगळ्या कमांड आहेत. नावं अशी ठेवणाऱ्याचं काय करावं, हा वेगळा प्रश्न. उबंटू-डेबियनवर अॅडयूजर पासवर्ड विचारतं, होम फोल्डर बनवतं, बॅश शेल देतं. यूजरअॅड मात्र जेवढं सांगाल तेवढंच करतं. लहान 'एम' दिला नाही तर होम फोल्डर नाही. पासवर्ड वेगळा घालावा लागतो, तो घातल्याशिवाय पासवर्डने लॉगिन नाही. शेल सांगितला नाही तर साधा 'एसएच' मिळतो, त्यात नुसतं डॉलरचं चिन्ह दिसतं आणि वरचा बाण दाबला की आधीची कमांड येण्याऐवजी विचित्र अक्षरं उमटतात. कीबोर्ड बिघडला असं वाटून काही जण दुकानातही जाऊन आले असतील. फेडोरा किंवा रेड हॅटवर हेच यूजरअॅड होम फोल्डर आपणहून बनवतं, त्यामुळे एकीकडचा धडा दुसरीकडे लागू पडत नाही. तिथे अॅडमिनच्या गटाचं नावही सुडो नसून 'व्हील' आहे. इंग्रजीत 'बिग व्हील' म्हणजे बडी असामी, त्यावरून.

'पासडब्ल्यूडी फाइलला कुलूप लावता येत नाही, नंतर प्रयत्न करा' असा संदेश आला, की लोक खरंच नंतर प्रयत्न करतात. त्याच्या वरची ओळ कुणी वाचत नाही. तिथे 'परमिशन डिनाइड' लिहिलेलं असेल तर तुम्ही फक्त सुडो लावायला विसरलात. सुडो लावूनही कुलूप लागत नसेल तर दुसरी एखादी यूजर बदलणारी कमांड चालू आहे, किंवा ती मध्येच मेली आणि तिचं कुलूप मागे राहिलंय. ईटीसी फोल्डरमध्ये 'लॉक' असं शेपूट असलेल्या फायली दिसतात. कुठलीच कमांड चालू नाही याची खात्री करूनच त्या काढायच्या.

'१००० हा क्रमांक आधीच वापरात आहे' हा तुलनेने नवा त्रास. लिनक्सवर माणसांचे क्रमांक सहसा १००० पासून सुरू होतात. डॉकरमध्ये उबंटू वापरणारे बरेच जण आपला यूजर याच क्रमांकाने बनवायचे. उबंटू २३.०४ पासून त्या इमेजमध्ये 'उबंटू' नावाचा यूजर १००० क्रमांकावर आधीच बसलेला असतो. वर्षानुवर्षं चाललेल्या फायली त्यामुळे अचानक अडखळल्या. यूजर आधीचाच वापरायचा, नाहीतर त्याला काढून मग आपला बसवायचा.

नावाचेही नियम आहेत. अॅडयूजर मोठ्या लिपीतली अक्षरं घेत नाही, नाव ३२ अक्षरांच्या आत लागतं आणि सुरुवात अंकाने करायची नाही. शेवटचा नियम जाचक वाटतो, पण त्याला कारण आहे. बऱ्याच कमांड नाव आणि क्रमांक दोन्ही स्वीकारतात. '१२३' हे नाव की क्रमांक, हे मशीनने कसं ओळखायचं? २०१७ मध्ये सिस्टिमडी या लिनक्सच्या महत्त्वाच्या भागात असंच सापडलं. सेवा चालवण्यासाठी शून्याने सुरू होणारं यूजरचं नाव दिलं, तर ते नाव अवैध समजून बाजूला टाकलं जायचं आणि सेवा चक्क रूट म्हणून चालायची. शिपाई सापडला नाही म्हणून थेट कलेक्टरच्या सहीने काम व्हावं, तसं. त्याला दोष मानायचं की नाही यावरही तेव्हा वाद झाला!

डॉकरचा विषय निघालाच आहे तर, 'डॉकरला दर वेळी सुडो लावायचा कंटाळा येतो' म्हणून स्वतःला डॉकर गटात घालायचा सल्ला सर्रास दिला जातो. काम सोपं होतं हे खरं. पण त्या गटातला माणूस कंटेनरमध्ये अख्खी डिस्क जोडून घेऊन रूटसारखं काहीही करू शकतो, आणि डॉकरची अधिकृत माहितीही हे स्पष्ट सांगते. एकट्याच्या लॅपटॉपवर ठीक. लॅबच्या मशीनवर दुसऱ्या बॅचच्या मुलांना त्या गटात घालणं म्हणजे रूटचा पासवर्ड फळ्यावर लिहिणं.

माणूस गेला, क्रमांक राहिला

खातं बंद करताना होणारी चूक सगळ्यात उशिरा लक्षात येते. यूजरडेल चालवलं की नाव जातं, पण लहान 'आर' लावला नसेल तर होम फोल्डर जागेवर राहतं, आणि लावला असला तरी बाहेरच्या इतर फायली राहतातच. फाइलवर मालकाचं नाव कधीच लिहिलेलं नसतं, लिहिलेला असतो क्रमांक. नाव पुसल्यावर त्या फायलींसमोर नुसतं १००१ दिसू लागतं. पुढच्या महिन्यात नवीन इंटर्न येते, तिचं खातं उघडलं जातं, आणि मोकळा झालेला १००१ अनेकदा तिलाच मिळतो. गेलेल्या माणसाच्या उरलेल्या सगळ्या फायलींची ती त्या क्षणी कायदेशीर मालकीण होते. पगाराची शीट, जुन्या प्रोजेक्टचे पासवर्ड, जे असेल ते. हॅकिंग नाही, काही नाही.

'फाइंड' कमांडला 'नोयूजर' असं सांगून अशा बेवारस फायली शोधता येतात. बरेच अॅडमिन खातं उडवण्याऐवजी आधी नुसतं कुलूपबंद करतात. त्यातही एक खाच आहे. यूजरमॉडचा कॅपिटल 'एल' फक्त पासवर्डला कुलूप लावतो. त्या माणसाने एसएसएचची किल्ली बसवून ठेवली असेल, तर तो पासवर्डशिवाय आत येतच राहतो. खात्याची मुदतच संपवायला यूजरमॉडला लहान 'ई' आणि पुढे १ द्यावं लागतं. हा १ म्हणजे २ जानेवारी १९७०. युनिक्सचं कॅलेंडर १ जानेवारी १९७० पासून दिवस मोजतं, त्यामुळे ते खातं पन्नासहून जास्त वर्षांपूर्वीच संपलं, असं मशीन समजतं आणि किल्ली असली तरी दार उघडत नाही.